मावशीचं माप

सगळी वस्ती तिला मापमावशी म्हणायची आणि ते नाव तिला मनापासून आवडायचं. वरवर ती कुरकुरायची, "मला काय दुसरं नाव नाही का?" पण कुणी नुसतं मावशी म्हणून हाक मारली, की ओ द्यायला मुद्दाम उशीर करायची.

माप म्हणजे लाकडाची एक चपटी पट्टी. जाळं विणताना दोऱ्याचा वेढा त्या पट्टीवर घ्यायचा, सुईनं गाठ मारायची, की जाळ्याचं एक भोक तयार. पट्टी जितकी रुंद, तितकं भोक मोठं. मावशीची पट्टी तिच्या सासूची. लग्न होऊन घरात आली तेव्हा दागिन्यांच्या आधी ही पट्टी तिच्या हातात पडली होती. हातात धरून धरून काळीभोर झालेली, आणि एका कडेला तापल्या खिळ्यानं डागलेली बारीकशी चंद्रकोर. सासू नक्षीकामातली नव्हे, तरी ही एवढी हौस तिनं कशी केली याचं मावशीला नेहमी नवल वाटायचं.

बाहेरच्या खोलीत भिंतीला एक आकडा होता. त्याला जाळं अडकवून मावशी जमिनीवर पाय पसरून विणायला बसायची. नवं जाळं सुरू करायच्या आधी ती न चुकता पट्टी घासायची. नायलॉनचा दोरा लाकडाच्या कडांना बारीक चरे पाडतो. मग दोरा अडकतो, गाठी सैल-घट्ट पडतात. म्हणून किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस घ्यायचा, तो पांढरा हलका तुकडा कडांवरून फिरवायचा, चरे गेले की फुंकर मारायची आणि मग पहिली गाठ. सासूनं तसं शिकवलं होतं. घासल्याशिवाय माप हातात घेणं मावशीला पारोशानं जेवायला बसण्यासारखं वाटायचं.

समुद्राचं काही खरं राहिलं नव्हतं. पलीकडच्या वीजकेंद्राचं गरम पाणी खाडीत यायचं. बंदर खोल करताना उपसलेला गाळ तोंडाशी आणून ओतला होता, त्याखाली पाण्यातलं गवत गाडलं गेलं. जाळ्यात मासळीपेक्षा जेलीफिश जास्त यायला लागले. बाहेर कंपनीच्या मोठ्या बोटी समुद्राचा तळ खरवडत होत्या. त्यांना कोण अडवणार? वस्तीच्या हातात राहिली होती फक्त खाडी. तिथे उरल्यासुरल्या गवतात मासे अंडी घालायचे, पिल्लं वाढायची. म्हणून मच्छीमारांच्या सोसायटीनं नियम केला होता, की खाडीत ज्याला जाळं लावायचं त्यानं मावशीच्या मापाचं लावावं. पट्टी आडवी धरून भोकात घालायची. गेली तर जाळं चालेल, अडली तर नाही. या नियमाच्या जोरावर खाडी अजून जिवंत आहे असं सगळे म्हणायचे. मावशी तर ते इतक्यांदा म्हणायची की सुनेला पाठ झालं होतं.

आणि त्याच मापानं तिनं स्वतःच्या मुलाला घरी बसवलं.

कुणीतरी तक्रार केली, की मापमावशीच्या मुलाच्या जाळ्याला खालच्या बाजूनं बाजारातलं बारीक जाळं जोडलंय. सोसायटीच्या शेडमध्ये सगळे जमले. जाळं लाकडी बाकावर पसरलं. अध्यक्ष म्हणजे जुना बोटवाला, आयुष्यात कुणाशी वाईटपणा न घेतलेला माणूस. तो घसा खाकरून म्हणाला, "मावशी, तुम्हीच बघा. तुमच्यावर कुणाचा आक्षेप नाही."

मावशीनं पट्टी भोकात घातली. ती अडली. केसभर अडली. जरा अंगठ्यानं दाबलं असतं तर गेली असती, हे मावशीला कळलं, मुलालाही कळलं. तो आईच्या अंगठ्याकडेच बघत होता.

"बसत नाही," मावशी म्हणाली.

त्या हंगामापुरता त्याचा खाडीतला हक्क गेला. बाहेर समुद्रात जाण्याएवढी त्याची बोट मोठी नव्हती. घरी येऊन त्यानं भांडण केलं नाही, ते एक बरं असं मावशीला पहिल्या दिवशी वाटलं. मग कळलं की तो बोलतच नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी बायकोला सांगायचा. ती बिचारी पोटुशी, दोघांच्या मध्ये मिठाचा डबा घेऊन उभी.

पुढे एक दिवस तीच म्हणाली, "आई, ते कंपनीच्या बोटीवर जाणार आहेत. येत्या सोमवारी निघतात. सहा महिने समुद्रात, मग पंधरा दिवस घरी."

मावशी उठून बाहेर गेली. मुलगा अंगणात बोटीचं इंजिन तेल लावून गुंडाळत होता.

"ज्या बोटींना शिव्या देत लहानाचा मोठा झालास, त्यांच्यावर जाणार?"

"त्यांच्याकडे माप नसतं," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलला आणि बोलला तो हे.

मावशीचा रागही नाकावरच असायचा. "जा मग," म्हणून ती आत आली. पण सुई हातात घेतली तर गाठ पडेना. मुलगा जाणार, त्याचं बाळ बापाविना जन्मणार, आणि हे सगळं केसभर फटीसाठी. आपण बरोबर होतो, याची तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागत होती. पूर्वी कधी लागली नव्हती.

शुक्रवारी पाणबुडी आली. ही वस्तीतल्याच एका मासळीवालीची मुलगी. शिकून मोठी झाली आणि आता सरकारी पथकाबरोबर पाण्यात उतरून गवताची, माशांची पाहणी करायची. सगळ्यांनी तिचं नाव पाणबुडी पाडलं होतं आणि तिनं ते हसून घेतलं होतं. खाडीच्या तोंडाशी खडकात अडकलेली जुनी जाळी कापून काढायचं काम सध्या चाललं होतं. टाकून दिलेलं जाळं पाण्यात वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, खाणारं कुणी नसलं तरी.

तिनं ओल्या पोत्यातून एक जाळं काढून ओट्यावर टाकलं. शिंपल्यांनी जड झालेलं, दोन-तीन खेकड्यांची रिकामी कवचं अजून त्यात अडकलेली. "मावशी, ही कोपऱ्यातली गाठ बघा. तुमच्या घरची ना?"

मावशीनं चष्मा लावला. दुहेरी वेढ्याची, शेपूट आत दाबलेली गाठ. या घराबाहेर ती कुणालाच येत नव्हती. "सासूबाईंच्या हातची," ती म्हणाली. "मी यायच्या आधी त्यांचं एक जाळं खडकावर गेलं होतं. जन्मभर हळहळल्या त्याच्यासाठी."

पाणबुडी चहा पिऊन गेली. मावशी जाळं मांडीवर ओढून शिंपले खरवडत बसली. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटत होतं. कुणी सोबतीला आल्यासारखं. मग सहज, लाडानं म्हणा ना, तिनं पट्टी उचलली आणि सासूच्या जाळ्याच्या भोकात घातली.

पट्टी आरपार निघून खाली फरशीवर पडली.

मावशीनं ती उचलून दुसऱ्या भोकात घातली. तिथंही तेच. भोकात पट्टीच्या बाजूला करंगळी शिरत होती. जाळं ताणलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण नायलॉन असा ताणत नाही, हे तीच दुसऱ्यांना सांगायची. सासूकडे दुसरं माप असेल? छे. सासू एका मापाची बाई होती, सगळ्याच बाबतीत. मग तिचं लक्ष पट्टीच्या कडेवरच्या चंद्रकोरीकडे गेलं, आणि आजवर कधी सुचलं नव्हतं ते एकदम सुचलं. ही चंद्रकोर नव्हतीच. खिळ्याचं डोकं गोल असतं. सासूनं गोल ठिपका डागला होता, अख्खा. त्याचा उरलेला भाग कुठे गेला?

तिनं आपली नखं पाहिली. सकाळीच नव्या जाळ्यासाठी माप घासलं होतं. नखांत समुद्रफेसाची पांढरी पूड होती, आणि त्या पुडीत काळसर लाकडाची.

दर जाळ्याला थोडं थोडं. नेमानं, निष्ठेनं, फुंकर मारून. बाकीच्यांनी हावेपायी भोकं बारीक केली असतील, तिनं ती स्वच्छता म्हणून केली होती. आणि वर मान ताठ करून साऱ्या खाडीला शिस्त शिकवली होती. मावशीला हसू आलं, आणि मग ते कुठल्या कुठे गेलं. सुनेनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आली नाही.

मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं जाळं आणि पट्टी त्याच्यापुढे ठेवली. तो जाळ्यात वाढलेला, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं पट्टी घातली, काढली, परत घातली. चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे सगळ्यांचीच जाळी बारीक आहेत," तो म्हणाला. "अख्ख्या खाडीत एकही जाळं खऱ्या मापाचं नाही."

"नाही."

"आणि घरी बसलो मी एकटा."

"हो."

त्यानं आईकडे पाहिलं. ती रडेल असं त्याला वाटलं असावं. ती रडत नव्हती, म्हणून तो जास्त घाबरला. "उद्या शेडमध्ये सांग," तो म्हणाला. "मापच खोटं असेल तर माझी शिक्षाही खोटी. मला खाडी परत मिळेल. मी जाणार नाही मग."

तेवढं ऐकायला मावशीचे कान आसुसले होते. पण तिला मुलाच्या शिक्षेच्या पलीकडचंही दिसत होतं. "सांगते," ती म्हणाली. "पण मी सांगणार ते हे, की आता खरं माप लावा."

सुनेनं दोघांना पानं वाढली. मीठ त्यानं आईकडे मागितलं.

शनिवारी शेड भरली. मावशीनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बोलताना तिची मान खाली होती, हे दृश्य वस्तीनं पहिल्यांदा पाहिलं. एकच गलका झाला. कुणी म्हणालं, म्हातारीला भ्रम झालाय. कुणी म्हणालं, पोरासाठी नाटक करते. अध्यक्षानं स्वतः पट्टी सासूच्या जाळ्यात घालून पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता या मापाची जाळी लावायची म्हटलं तर सगळ्यांनी नवी विणायची," तो म्हणाला. "आणि त्यात काही सापडेल याचा भरवसा कुणी द्यायचा?"

"लावून बघू," मुलगा उभा राहिला. "हेच जाळं. आईनं फाटलेलं सांधलं की उद्याच्या भरतीला लावू. मी लावतो."

मावशी दिवसभर सांधत बसली. मापाला हात लावला नाही, शेजारची जुनी भोकं बघून अंदाजानं नवी केली. रविवारी सकाळी मुलगा बोट घेऊन खाडीत गेला. बरोबर अध्यक्ष आणि पाणबुडी. बाकी वस्ती धक्क्यावर. गवताच्या कडेला, जिथं मासळी हमखास फिरते, तिथं जाळं सोडलं. पाणी चढलं, थांबलं, उतरायला लागलं. धक्क्यावर कुणी विनोद करत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. मावशी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती. आयुष्यात तिनं मासळीसाठी एवढी प्रार्थना केली नव्हती.

मुलानं जाळं ओढलं. वर आलं थोडं शेवाळ, एक प्लास्टिकची पिशवी आणि दोन जेलीफिश. बाकी जाळं धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

धक्क्यावर उतरल्यावर तो सरळ आईपाशी आला. गुडघ्यांवर बसला. "मासे होते," तो म्हणाला. "मी वाकून बघत होतो ना. थव्यानं आले आणि सगळे आरपार गेले. एकसुद्धा थांबला नाही."

"बारके असतील अजून. वाढतील."

पाणबुडी मागे उभी होती. तिला बोलायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "मावशी, ते बारके नाहीत. पोटात अंडी असलेले आहेत. इतकी वर्षं जो मोठा झाला तो जाळ्यात गेला. राहिले ते लहानपणीच अंडी घालणारे. त्यांची पिल्लंही तशीच. आता त्यांचं मोठेपण म्हणजे एवढंच." तिनं आपला अंगठा दाखवला.

"म्हणजे माझ्या मापानं मासेसुद्धा..." मावशी म्हणाली.

"एकट्या तुमच्या नव्हे. गरम पाणी आहे, गाळ आहे, कंपनीच्या बोटी आहेत."

"ते त्यांचं त्यांच्यापाशी," मावशी म्हणाली. "परत मोठे होतील का? मोठं जाळं लावलं तर?"

"बहुतेक होतील. पण काही वर्षं लागतील. बरीच. आणि तोवर जाळी अशीच येतील वर."

सोसायटीचा निर्णय व्हायला वेळ लागला नाही. सगळेच घाईत होते, भरती कुणासाठी थांबते? अध्यक्षानं बाकावर हात टेकले आणि म्हटलं, की मावशींनी खरं सांगितलं, मोठेपणा त्यांचा. पण घरोघरी चूल पेटायला हवी. तेव्हा माप आहे तेच राहील. मावशींच्या मुलाला खाडी परत, झालं गेलं विसरून. "आणि मावशी," तो हसून म्हणाला, "पट्टी आता सोसायटीत ठेवू. इथून पुढे घासायची मात्र नाही."

शेडमध्ये हशा पिकला. सुटल्यासारखं हसू होतं ते. मुलगाही क्षणभर हसला आणि मग आईकडे बघून थांबला. त्याला हवं ते मिळालं होतं. मावशीलाही. मुलगा राहणार, बाळ बापाच्या हातात येणार. तिनं फक्त पट्टी अध्यक्षाच्या हातात द्यायची होती.

मावशीनं पट्टी दोन्ही हातांत धरली, गुडघ्यावर ठेवली आणि कडकन मोडली.

लाकूड जुनं होतं, एका झटक्यात तुटलं. मावशी धापा टाकत उभी होती. आता लावा कुठल्या मापानं जाळी लावायची ती, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

अध्यक्षानं खाली वाकून अर्धा तुकडा उचलला. रागावला नाही. उलट त्याला तिची कीव आल्यासारखं वाटलं. "लांबी तुटली, मावशी," तो हळूच म्हणाला. "रुंदी आहे तशीच आहे. सुताराकडून एवढ्याच रुंदीची करून घेऊ." आणि तुकडा खिशात घालून तो निघून गेला. त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले.

दुसरा तुकडा मुलानं उचलला. ठिपक्याची उरलेली कोर त्याच्याकडच्या तुकड्यावर होती.

सोमवारी सकाळी तो कंपनीच्या बोटीवर गेला.

खाडी मिळाली असताना का जातोस, असं सुनेनं विचारलं, रडून विचारलं. तो म्हणाला, "आईसमोर त्या मापाचं जाळं टाकायला माझा हात होणार नाही. आणि खऱ्या मापानं तुम्हा तिघांचं पोट भरणार नाही." मग दारातून मागे वळून मावशीला म्हणाला, "आई, तू तेव्हा बरोबरच सांगितलंस. बसत नव्हती." मावशीला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्याचं पोट भरायला तो त्याच बोटीवर चालला होता जिच्या जाळ्याला माप नसतं, आणि हे तिच्या खरेपणानं घडवलं होतं. ती त्याला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली. तो बोटीवर चढताना न राहवून म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

घरी येऊन तिनं लाकडाची एक फळी शोधली. सासूच्या जाळ्याचं भोक समोर धरलं आणि विळ्यानं फळी तासायला बसली. थोडं तासायचं, घालून बघायचं, परत थोडं. अखेर पट्टी भोकात अलगद बसली, ना सैल ना घट्ट. मग खिळा तापवून तिनं कडेपाशी एक ठिपका डागला, अख्खा गोल.

सून पाठीला हात लावून दारात उभी होती. "आई, या मापाचं जाळं कुणासाठी? कोण लावणार?"

"आत्ता कुणी नाही."

"मग?"

"मासे मोठे झाले तर लागेल ना कुणालातरी."

सून खाली बसली आणि दोऱ्याचं बंडल उलगडून द्यायला लागली. मावशीनं जाळ्याची दोरी आकड्याला बांधली, सुई भरली, पट्टी हातात घेतली. आणि तिचा डावा हात, तिला न विचारता, खिडकीकडे गेला. समुद्रफेसाचा तुकडा तिथंच होता, रोजच्या जागी.

हात तिथं पोचला आणि थांबला. मावशीनं तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला, जरा वेळ. मग विणायला घेतलं. नव्या लाकडाच्या कडा खरबरीत होत्या. दोरा पहिल्याच वेढ्याला अडकला. तिनं सोडवला, तो पुन्हा अडकला.

"घासून घ्या ना जरा," सून म्हणाली.

"अडकू दे," मावशी म्हणाली आणि गाठ ओढली.